नकाशाचा डेटा हातात येतो, त्याची स्टाइल वाटेतच राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एस्री कंपनीने आर्कमॅप या आपल्या जुन्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या निवृत्तीसाठी १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली आणि जुने नकाशे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याचा प्रश्न मुंबई परिसरातल्या नियोजन कार्यालयांपुढे, सल्लागारांपुढे आणि महाविद्यालयांपुढे उभा राहिला. कुणी एस्रीच्याच आर्कजीआयएस प्रोकडे वळते, कुणी क्यूजीआयएस या खुल्या सॉफ्टवेअरकडे. लोकांना ब्राउझरमध्ये दाखवायचा भाग बहुधा जिओसर्व्हर या वेबवर नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो. डेटा कसा द्यायचा, कोणत्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे पृथ्वी सपाट मांडण्याच्या कोणत्या पद्धतीत, द्यायचा (मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३), हे निविदांमध्ये नीट लिहिलेले असते. तो डेटा दिसायचा कसा, म्हणजे त्याची स्टाइल (रंग, रेषा, लेबले), याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते. हस्तांतरणात सगळ्यात आधी बिघडते ते नेमके हेच.

नगररचनेच्या नकाशात रंग ही सजावट नसते. निवासी विभाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, मोकळ्या जागा हिरव्या ही रूढ पद्धत आहे. आपल्या चाळीवर रस्तारुंदीची रेषा येते का, शेजारच्या मैदानावर आरक्षण आहे का, हे पाहायला आलेला माणूस गुणधर्मांचा तक्ता उघडत नाही. तो रंग, तिरप्या रेघा आणि रेषेची जाडी पाहूनच अर्थ लावतो. त्यामुळे स्टाइल चुकली की नकाशाच चुकीचे सांगू लागतो, मग आतला डेटा कितीही अचूक असो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रत्येक सॉफ्टवेअर स्टाइल आपापल्या पद्धतीने ठेवते. आर्कमॅपची एलवायआर फाइल बायनरी असते, नोटपॅडमध्ये उघडून काही कळत नाही. आर्कजीआयएस प्रोची एलवायआरएक्स फाइल म्हणजे साधे जेसन (मजकुराच्या रूपातली माहिती), ती वाचता येते. क्यूजीआयएसची क्यूएमएल एक्सएमएलमध्ये असते. जिओसर्व्हरची मुख्य भाषा एसएलडी, म्हणजे ओजीसी या संस्थेचे खुले मानक. ब्राउझरमधल्या व्हेक्टर टाइल्सना (नकाशाचे चौकोनी तुकडे, जे ब्राउझरच रंगवतो) मॅपबॉक्स पद्धतीचे जेसन लागते. ज्यांच्याकडे आर्कजीआयएस प्रोचा परवाना अजून चालू आहे, त्यांनी सगळ्या एमएक्सडी (आर्कमॅपच्या नकाशा-प्रकल्पांच्या) आणि एलवायआर फाइली आत्ताच प्रोमध्ये उघडून एलवायआरएक्स म्हणून साठवाव्यात. परवाना संपल्यावर बायनरी फाइल उघडण्याचे मार्ग फार थोडे उरतात. क्यूजीआयएससाठी एसएलवायआर नावाचे प्लगइन आहे, ते एलवायआर थेट वाचते. एलवायआरएक्सवरून एसएलडी बनवायला जिओकॅटची ब्रिजस्टाइल ही पायथन लायब्ररी आहे. एसएलडी, क्यूएमएल आणि मॅपबॉक्स यांच्यात ये-जा करायला जिओस्टायलर आहे. ही साधने उपयोगी आहेत, पण एकही साधन सगळे हलवत नाही. फाइल कुरकुर न करता उघडली, म्हणजे स्टाइल आली असे समजू नये.

पहिली गडबड मोजमापांत होते. आर्कजीआयएस रेषेची जाडी पॉइंटमध्ये मोजते, क्यूजीआयएस मिलिमीटरमध्ये, एसएलडी पिक्सेलमध्ये. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिमी. आर्कजीआयएसमधली १.५ पॉइंटची नाल्याची रेषा क्यूजीआयएसमध्ये ०.५३ मिमी हवी. कुणी १.५ हाच आकडा तसाच टाकला तर नाला जवळजवळ तिप्पट जाड होतो आणि शेजारच्या अरुंद गल्ल्या झाकून टाकतो. एसएलडीमध्ये मानक पिक्सेल ०.२८ मिमीचा धरलेला आहे, म्हणून मिमीला ०.२८ने भागायचे. नेहमीच्या ९६ डीपीआय (इंचाला ९६ पिक्सेल) पडद्यावर मात्र पिक्सेल ०.२६५ मिमीचा होतो. हा फरक सहा टक्क्यांचा आहे. जाडीत तो डोळ्यांना कळत नाही, पण पुढे स्केलच्या बाबतीत तो त्रास देतो.

मुख्य रस्त्याचे चिन्ह घ्या. खाली गडद करडी २.४ मिमीची रेषा, तिच्यावर पिवळसर १.८ मिमीची. दोन्ही बाजूंना ०.३ मिमीची किनार दिसते. पिक्सेलमध्ये हे आकडे ८.५७ आणि ६.४३ होतात, म्हणजे किनार जेमतेम १.०७ पिक्सेल. आकडे पूर्णांकात आणताना ९ आणि ६ केले तर किनार दीड पिक्सेलची होऊन रस्ता काळवंडतो. म्हणून दोन्ही रेषा स्वतंत्रपणे पूर्णांकात आणू नयेत. आधी किनार किती हवी ते ठरवावे, वरची रेषा ठरवावी आणि खालची त्यावरून काढावी. इथे ६ आणि ८ ठीक बसतात.

याच चिन्हात क्रमाचाही घोळ होतो. एलवायआरएक्समध्ये सिम्बॉलच्या (चिन्हाच्या) थरांच्या यादीत पहिला थर सगळ्यात वर असतो. क्यूएमएल आणि एसएलडीमध्ये आधी लिहिलेला आधी रंगवला जातो, म्हणजे शेवटचा वर येतो. रूपांतर करताना यादी उलटी करायची राहिली की करडी रेषा पिवळ्या रेषेवर बसते आणि सगळे मुख्य रस्ते सपाट करडे दिसतात. यावर लोक रंग बदलत बसतात, दोष क्रमात असतो.

क्रम बरोबर असूनही जिओसर्व्हरवर चौकात आडव्या करड्या रेघा दिसतात. दोन रेषा एकाच फीचरटाइपस्टाइलमध्ये (एसएलडीतल्या नियमांच्या एका गटात) लिहिल्या असतील तर जिओसर्व्हर एकेक रस्ता पूर्ण रंगवून पुढच्याकडे जातो, त्यामुळे नंतर आलेल्या रस्त्याची किनार आधीच्या रस्त्याच्या अंगावरून जाते. क्यूजीआयएसमध्ये हे सिम्बॉल लेव्हल्सने टाळलेले असते, आर्कजीआयएस प्रोमध्ये सिम्बॉल लेयर ड्रॉइंगने. ही सोय एसएलडीत आपोआप येईल असे धरू नये. खालची रेषा एका फीचरटाइपस्टाइलमध्ये आणि वरची दुसऱ्यात असे हाताने वेगळे करावे, मग आधी सगळ्या किनारी आणि नंतर सगळे पिवळे पट्टे रंगतात. लालबागसारख्या ठिकाणी, जिथे उड्डाणपूल खालच्या रस्त्यावरून जातो, तिथे पुलासाठी तिसरी आणि चौथी फीचरटाइपस्टाइल लागते. नाहीतर पूल खालच्या रस्त्याला जोडल्यासारखा दिसतो.

आता स्टाइलमधले नियम. नियम म्हणजे ‘अमुक रकान्यात अमुक किंमत असेल तर हा रंग’. डेटा शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारातून नेला की रकान्याचे नाव दहा बाइटांवर कापले जाते. ‘रिझर्व्हेशन’ने सुरू होणारी दोन इंग्रजी नावे असतील तर दोन्ही तुटून सारखीच होतात, आणि मग एकाच्या शेवटी आकडा चिकटवला जातो. स्टाइलमध्ये मात्र मूळ नाव राहते. एकही नियम जुळत नाही. ‘इतर सर्व’ असा वर्ग असेल तर अख्खा वॉर्ड त्या एका रंगात येतो, नसेल तर लेयर (नकाशाचा तो थर) कोरी दिसते. रकान्याचे नाव देवनागरीत असेल तर परिस्थिती आणखी बिकट, कारण यूटीएफ-८मध्ये एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि दहा बाइटांत तीनच चिन्हे मावतात. मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे ८४ चिन्हांनंतर आरक्षणाचे वर्णन तुटते. शेपफाइलने आजवर मोठी सेवा केली आहे, पण स्टाइलसकट हस्तांतरणासाठी ती वापरू नये. जिओपॅकेज हा खुला फाइल-प्रकार वापरावा.

रकान्यांची नावे लहान-मोठ्या लिपीतही अडतात. एस्रीच्या जुन्या जिओडेटाबेसमध्ये नावे बहुधा मोठ्या लिपीत असतात, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये गेल्यावर ती बऱ्याचदा लहान होतात, आणि जिओसर्व्हर या दोन नावांना वेगळे समजतो. कोडेड डोमेनचेही (नावाऐवजी कोड साठवण्याच्या सोयीचेही) तसेच. पडद्यावर ‘खेळाचे मैदान’ दिसते, रकान्यात मात्र ७ असतो. नियम कोणत्या किमतीवर लिहिला आहे ते पाहावे. रिकाम्या किमतीसाठी आर्कजीआयएस वर्गाच्या यादीत ‘नल’ हा शब्द कोनी कंसांत लिहितो. रूपांतरात तो शब्द साधा मजकूर म्हणून गेला तर रिकाम्या नोंदी कधीच जुळत नाहीत. एसएलडीत तिथे प्रॉपर्टीइजनल (किंमत रिकामी आहे का) ही अट हवी.

आकड्यांच्या वर्गांत सीमेवरची किंमत तपासावी. एसएलडीचे प्रॉपर्टीइजबिटवीन दोन्ही टोके धरते. १०० ते २०० आणि २०० ते ३०० असे दोन नियम असतील तर २०० किमतीचा वॉर्ड दोन्ही नियमांत बसतो आणि दोनदा रंगतो. क्यूजीआयएस पहिल्या जुळलेल्या वर्गावर थांबते, जिओसर्व्हर थांबत नाही. रंग ६० टक्के अपारदर्शक असेल तर तो वॉर्ड शेजाऱ्यांपेक्षा गडद दिसतो आणि सूचीत तसा रंगच सापडत नाही. पहिला वर्ग सोडून बाकीच्यांत ‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’ अशा दोन अटी लिहाव्यात.

पारदर्शकतेचे आकडेही चार तऱ्हांचे. आर्कजीआयएसमध्ये लेयरची ट्रान्सपरन्सी ४० म्हणजे क्यूजीआयएसमध्ये ओपॅसिटी ६०. एलवायआरएक्समधल्या रंगाचा चौथा आकडा ० ते १०० असतो, क्यूएमएलमध्ये ० ते २५५, एसएलडीत ० ते १. लेयरची आणि सिम्बॉलची पारदर्शकता वेगवेगळी दिलेली असेल तर परिणाम गुणाकाराचा होतो. ०.६ आणि ०.५ असतील तर ०.३ उरते, आणि निवासी पिवळा इतका फिका पडतो की उपग्रह चित्रावर दिसतच नाही.

कोणत्या स्केलला काय दिसावे, याची चूक तर तपासणीतूनही निसटते. क्यूजीआयएसमध्ये ‘किमान स्केल’ म्हणजे सर्वांत दूरचा, मोठ्या छेदाचा (१:३५,०००मध्ये ३५,००० हा छेद). एसएलडीत मिनस्केलडिनॉमिनेटर म्हणजे छेद लहान असलेला, जवळचा. नावे सारखी वाटतात, अर्थ उलटे आहेत. हाताने एसएलडी लिहिणाऱ्याने हे उलटे टाकले की दोन मर्यादांच्या मधे काहीच उरत नाही आणि लेयर कुठल्याच स्केलला दिसत नाही. त्यात वर सांगितलेला सहा टक्क्यांचा फरक मिसळतो. वेब नकाशाची चौदावी झूम पातळी जिओसर्व्हरच्या हिशेबाने १:३४,१२४ आहे, ९६ डीपीआय धरणाऱ्या क्यूजीआयएसच्या हिशेबाने १:३६,११२. इमारतींची लेयर १:३५,०००च्या आत दाखवा असे ठरवले तर त्याच पातळीवर ती जिओसर्व्हरवर दिसते, क्यूजीआयएसमध्ये दिसत नाही. मर्यादा नेहमी दोन पातळ्यांच्या साधारण मधे ठेवावी. चौदा आणि पंधराच्या मधे १:२५,००० हा आकडा दोन्हीकडे सुरक्षित आहे. मॅपबॉक्स पद्धतीत टाइल ५१२ पिक्सेलची धरतात, त्यामुळे तिथे त्याच स्केलचा झूम आकडा एकने कमी लिहावा लागतो.

मराठी लेबलांना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, आणि सर्वांत जास्त हयगयही तिथेच होते. अनेक जुन्या तक्त्यांत मराठी नावे शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. आत प्रत्यक्षात रोमन अक्षरे असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की नावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतात. इथे जुना फॉन्ट शोधून बसवणे हा उपाय नाही. डेटाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार माणसाने वाचून तपासावेत.

युनिकोड असूनही लेबले मोडतात. विंडोजवर मंगल फॉन्ट असतो, लिनक्स सर्व्हरवर तो नसतो, त्यामुळे जिओसर्व्हर चौकोन छापतो. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो कॉपी करून सर्व्हरवर टाकू नये. नोटो सान्स देवनागरी खुल्या परवान्याचा आहे. तो सर्व्हरवर बसवावा, जिओसर्व्हर पुन्हा सुरू करावा, सर्व्हर स्टेटसच्या पानावर उपलब्ध फॉन्टच्या यादीत त्याचे नाव कसे लिहिले आहे ते पाहावे आणि एसएलडीत अगदी तसेच लिहावे. ब्राउझरमधल्या व्हेक्टर टाइल्सची अडचण वेगळी. मॅपलिब्रेसारख्या लायब्ररीत नेहमीच्या पद्धतीने अक्षरांची आधी बनवलेली चित्रे एकापुढे एक ठेवली जातात, देवनागरीची जुळणी होत नाही. ‘सिद्धिविनायक’मधली पहिली वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसते, ‘द्धि’ सुटून पाय मोडलेला ‘द्’ आणि ‘ध’ वेगळे दिसतात. चिंचपोकळी, शिवडी, किंग्ज सर्कल, सगळ्यांची हीच गत. यावर खात्रीचा मार्ग म्हणजे रस्ते आणि भूखंड व्हेक्टर टाइल्समध्ये ठेवायचे, आणि मराठी लेबलांची पारदर्शक पीएनजी लेयर जिओसर्व्हर किंवा क्यूजीआयएस सर्व्हरवरून वर टाकायची. मुंबईच्या नकाशावर ठिकाणांची नावे मराठीत मोडकी दिसणे मान्य होता कामा नये, आणि त्या कारणाने इंग्रजी लेबले पुढे करणेही नाही.

लेबल कुठे बसावे याचे नियम तर हलतच नाहीत असे धरून चालावे. आर्कजीआयएसचे मॅपलेक्स इंजिन, क्यूजीआयएसचे स्वतःचे, जिओसर्व्हरचे व्हेंडरऑप्शन (एसएलडीला जोडलेले स्वतःचे जादा पर्याय), तिघांची भाषा वेगळी. रस्त्याच्या वळणावरून नाव न्यायला जिओसर्व्हरमध्ये फॉलोलाइन, एकाच रस्त्याचे तुकडे एकत्र धरायला ग्रुप, लांब नाव मोडायला ऑटोरॅप हे पर्याय हाताने लिहावे लागतात. अक्षराचा आकार क्यूजीआयएसमध्ये सहसा पॉइंटमध्ये असतो. १० पॉइंट म्हणजे एसएलडीत साधारण १२.६ पिक्सेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एस्रीच्या चिन्ह-फॉन्टमधून घेतलेली चिन्हे (अग्निशमन केंद्र, पंपिंग स्टेशन) फॉन्ट नसलेल्या यंत्रावर साधी इंग्रजी अक्षरे होतात, ती आधीच एसव्हीजीत (रेषा-आकारांच्या चित्र-फाइलीत) बदलावीत. एसव्हीजी फाइली जिओसर्व्हरच्या डेटा फोल्डरातल्या स्टाइल्स फोल्डरात ठेवाव्यात, नावात मोकळी जागा नसावी. रेघांची भरण ४५ किंवा ९० अंशांतच ठेवावी, ही भरण एकच छोटा ठोकळा पुन्हा पुन्हा मांडून होते आणि ३० अंशांच्या रेघा ठोकळ्यांच्या कडांवर जुळत नाहीत. क्यूजीआयएसमधले जिओमेट्री जनरेटर (सूत्राने काढलेले आकार), सावल्या आणि बहुतेक डेटा-डिफाइन्ड (रकान्यातल्या किमतीवरून ठरणारे) बदल एसएलडीत येत नाहीत. भूवापराच्या रास्टरला (चौकटींच्या जाळीच्या नकाशाला) कलरमॅपचा (कोणत्या किमतीला कोणता रंग, या यादीचा) प्रकार ‘व्हॅल्यूज’ असा स्पष्ट लिहावा, न लिहिल्यास ‘रॅम्प’ धरला जातो आणि दोन वर्गांच्या रंगांमधल्या छटा उगवतात. टाइल्स जेपीईजीत काढू नयेत, सपाट रंग गढूळ होतात. क्यूजीआयएस एसएलडीची १.१ ही आवृत्ती लिहिते, जिओसर्व्हरवर चढवताना आवृत्ती तीच सांगावी आणि व्हॅलिडेटचे बटण दाबावे. स्टाइल बदलल्यावर जुन्या टाइल्स काढून टाकाव्यात, नाहीतर तपासणारा जुनाच नकाशा पाहून होकार देतो. एलवायआरएक्स फाइलीत डेटाचा मार्ग आणि सर्व्हरचे नावही असते, बाहेर देण्याआधी ते पाहावे.

तपासणीसाठी अख्खे शहर लागत नाही. प्रत्येक वर्गाचा एक नमुना, एक रिकामी किंमत, वर्गांच्या सीमांवरच्या किमती, दोन छेदणारे मुख्य रस्ते, एक पूल, आणि जोडाक्षरे व वेलांट्या असलेली चार-पाच लांब नावे एवढ्यांची छोटी चाचणी लेयर करावी. तीच हद्द आणि तेच स्केल ठेवून दोन्ही सॉफ्टवेअरमधून पीएनजी काढावी आणि एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहावी. रंग नुसते डोळ्यांनी जुळवू नयेत, कलर पिकरने भरणीच्या मध्यावरचे आकडे घ्यावेत. कडेवरचे घेऊ नयेत, तिथे रंग मिसळलेले असतात. सूचीतले वर्ग मोजून मूळ वर्गांशी ताडून पाहावेत.

म्हणून मागणी अशी की, सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक नकाशाच्या निविदेत स्टाइल हा स्वतंत्र सुपूर्द करायचा घटक असावा. डेटा जिओपॅकेजमध्ये, आणि क्यूजीआयएसमधून स्टाइल त्याच फाइलीत साठवलेली. तिथे लेयर_स्टाइल्स या तक्त्यात क्यूएमएल आणि एसएलडी दोन्ही राहतात. मूळ सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, प्रत्येक लेयरची वेगळी एसएलडी, वापरलेल्या एसव्हीजी, खुल्या परवान्याचे फॉन्ट, आणि तीन ठरलेल्या स्केलना काढलेली संदर्भ चित्रे. याखेरीज एक साधा तक्ता हवाच: वर्गाची किंमत, तिचे मराठी नाव, रंगाचे लाल-हिरवा-निळा आकडे, अपारदर्शकता, रेषेची जाडी मिमीमध्ये, रेघांचा कोन आणि अंतर, दिसण्याची स्केल मर्यादा. माझ्या मते सगळ्यांत टिकाऊ तो तक्ताच, कारण त्यावरून कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल नव्याने बांधता येते. अंतिम देयक देण्याआधी खात्याच्या माणसाने ही सामग्री कंत्राटदाराच्या यंत्रावर न पाहता, त्याचे फॉन्ट आणि फोल्डर नसलेल्या दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर उघडून संदर्भ चित्रांशी ताडून घ्यावी.

आपला,
जीआयएस (संगणकीय नकाशे) क्षेत्रात काम करणारा एक वाचक,
दादर, मुंबई